प्रश्नपत्रिका टाइप करताना तिरक्या अक्षरांच्या या चुका टाळा

लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये टेस्ट सकाळी असते आणि पेपर टाइप होतो आदल्या रात्री. त्या घाईतही आकडे आणि पर्याय तपासले जातात, पण अक्षर तिरकं आहे की सरळ, हे सहसा कुणी बघत नाही. गणित-भौतिकशास्त्रात तिरकेपणाने अर्थ बदलतो, आणि त्या चुकीचा भुर्दंड बसतो तो पेपर सोडवणाऱ्या पोरांना.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे अख्खी ओळ सिलेक्ट करून कंट्रोल-आय दाबणं. राशी आणि चलं तिरकी. एककं, अंक आणि साइन, कॉस, लॉग ही फलनांची नावं सरळ, असा नियम आहे. आयएसओ ८०००० ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिकाही तेच सांगते. 'व्ही = ५ व्ही' ही ओळ घ्या. पहिला व्ही विभवांतराचा, म्हणून तिरका. दुसरा व्होल्टचा, म्हणून सरळ. तसंच तिरका एम म्हणजे वस्तुमान, सरळ एम म्हणजे मीटर; तिरका जी गुरुत्वत्वरण, सरळ जी ग्रॅम. साइन तिरकं छापलं तर ते एस, आय, एन या तीन चलांच्या गुणाकारासारखं दिसतं. वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकदम दाबून समीकरणाची चौकट उघडा, त्यात साइन लिहून स्पेस द्या, ते आपोआप सरळ होतं. डिफरेन्शियलचा डी काही पुस्तकांत सरळ, काहींत तिरका असतो. कुठलीही एक पद्धत धरा, पण एकाच पेपरात दोन नकोत.

प्रकाशविद्युत परिणामाच्या प्रश्नांत वारंवारतेसाठी ग्रीक न्यू लागतो. तिरका छोटा व्ही हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो, म्हणून बरेच जण तोच ठोकून देतात. मग त्याच प्रश्नात इलेक्ट्रॉनचा वेग आला की दोन्ही चिन्हं एकच वाटतात. न्यू चिन्हांच्या यादीतूनच घ्या.

दुसरा घोळ दिसत नाही, म्हणून जास्त छळतो. कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारं मानक म्हणजे युनिकोड. २००१ मध्ये युनिकोड ३.१ आलं, तेव्हा गणितासाठी तिरकी, ठळक वगैरे अक्षरं स्वतंत्र चिन्हं म्हणून त्यात घातली गेली. नेटवरचे 'स्टायलिश फॉन्ट' बनवणारे बरेच जण हीच चिन्हं देतात, आणि वर्डच्या समीकरणातून व्हॉट्सअ‍ॅपवर कॉपी केलं तरी बहुधा हीच येतात. नोटपॅडमध्ये पेस्ट केलं किंवा फॉरमॅटिंग काढलं तरी तिरकेपणा जात नाही, कारण तिथे फॉरमॅटिंग नसतंच. अक्षरच वेगळं असतं. ते पुसून साध्या कीबोर्डने पुन्हा टाइप करा. मजकूर खूप असेल तर प्रोग्रामिंग येणाऱ्या कुणाकडून 'एनएफकेसी' नॉर्मलायझेशन, म्हणजे अशी चिन्हं साध्या अक्षरांत बदलण्याची प्रक्रिया, करून घ्या, सगळी साधी अक्षरं परत मिळतात. फक्त लक्षात ठेवा, त्यात राशी आणि एकक यांतला फरकही पुसला जातो.

युनिकोडच्या या गणिती अक्षरांच्या संचात छोट्या तिरक्या एचची जागा रिकामी आहे. प्लँकच्या स्थिरांकाचं चिन्ह युनिकोडमध्ये आधीच होतं, म्हणून तोच एच वापरायचा ठरलं. साधी अक्षरं क्रमाने या तिरक्या चिन्हांत बदलणाऱ्या प्रोग्रामने हे धरलं नसेल तर बाकी सगळं नीट उमटतं आणि नेमक्या एचच्या जागी चौकोन दिसतो.

सगळीकडेच चौकोन दिसत असतील तर त्या कॉम्प्युटरवर गणिताचा फॉन्ट नाही. झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाइल पाठवूच नका; फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच बसवलेली, पीडीएफ द्या. प्रश्नसंचाच्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह करताना एरर येत असेल किंवा प्रश्न मध्येच तुटत असेल, तर डेटाबेस बघा. मायएसक्यूएल या डेटाबेसमधली अक्षरं साठवायची जुनी पद्धत 'यूटीएफ८' एका अक्षराला तीनच बाइट देते, या चिन्हांना चार लागतात. मराठी तीन बाइटांत मावते, म्हणून बाकी मजकुरात ही अडचण कधी जाणवत नाही. टेबल 'यूटीएफ८एमबी४' वर न्या.

आणि विद्यार्थ्यांच्या याद्यांत, ग्रुपच्या नावांत ही चिन्हं शोभेसाठी मुळीच वापरू नका. साध्या अक्षरांनी शोधलं तर ते नाव अनेक ठिकाणी सापडत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तर एकेका अक्षराला 'मॅथेमॅटिकल इटॅलिक स्मॉल ए' असं लांबलचक वाचत बसतो, नाहीतर ते गाळूनच टाकतो.