किती टक्के तेल घालू? – पॉलिमर डांबरात काम सुरू करणाऱ्यांसाठी

नाशिकला डांबराच्या प्रयोगशाळेत नवीन मुलं आली की पहिला प्रश्न ठरलेला: "तेल किती टक्के घालू?" मी आधी हातातलं डांबर तपासायला लावतो.

एसबीएस (स्टायरीन-ब्युटाडाईन-स्टायरीन) हा रबरासारखा पॉलिमर डांबरात साधारण ३ ते ५ टक्के घालतात. तो डांबरात साखरेसारखा विरघळत नाही. डांबरातला हलका, तेलकट भाग शोषून फुगतो आणि पुरेसा फुगला तरच त्याचं जाळं तयार होतं. ज्या डांबरात ॲरोमॅटिक घटक (बेंझिनसारखी कडी असलेले तेलकट रेणू) कमी, तिथे पॉलिमर उपाशी राहतो आणि साठवणुकीत वर तरंगतो. ही उणीव भरायला ॲरोमॅटिक तेल लागतं. पॅराफिनिक (मेणासारख्या साखळी रेणूंच्या) तेलाने डांबर पातळ होतं, पण एसबीएसला त्याचा फारसा उपयोग नाही.

आपल्या जिल्ह्यात हे काम जास्त अवघड आहे. थंडीत निफाडचा पारा पाच अंशांखाली जातो, उन्हाळ्यात मालेगाव चाळिशी ओलांडतं आणि तिथल्या रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे तापतो. तेल थंडीतल्या भेगा कमी करतं, पण जास्त झालं की कांद्याच्या ट्रकखाली चाकोऱ्या पडतात. म्हणून प्रत्येक नमुन्याचा मृदुबिंदू (सॉफ्टनिंग पॉइंट, म्हणजे डांबर मऊ पडतं ते तापमान) आणि १५ अंशांवरची इलॅस्टिक रिकव्हरी (ताणलेलं डांबर किती परत आखडतं ते) एकत्रच वाचायची. रिकव्हरी वाढली म्हणून खूश होणाऱ्याने मृदुबिंदू किती उतरला तेही पाहावं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती सेपरेशन टेस्ट, म्हणजे पॉलिमर डांबरापासून वेगळा होतो का ते पाहणारी चाचणी. ॲल्युमिनियमच्या नळीत डांबर भरून १६३ अंशांवर ४८ तास उभं ठेवायचं, मग गोठवून तीन तुकडे करायचे आणि वरच्या व खालच्या तुकड्याचा मृदुबिंदू मोजायचा; दोन्हींत फरक जास्त म्हणजे पॉलिमर वर गेला. प्लांटच्या टाकीत डांबर तापतं पडून राहतं, तेव्हा हेच घडत असतं. नवखे लोक वेळ लागतो म्हणून ही चाचणी टाळतात. कृपा करून टाळू नका.

मिश्रण १७० ते १८० अंशांवर, हाय शिअर मिक्सरवर (पॉलिमरचे बारीक तुकडे करत वेगाने घुसळणारं यंत्र). मी तेल आधी घालतो, मग पॉलिमर थोडाथोडा. पॉलिमरचं जाळं पक्कं करायला गंधक वापरणार असाल तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो; फ्यूम हूडशिवाय (वायू ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटाशिवाय) हात लावू नका.

गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं, म्हणून प्रोजेक्टवाल्यांना ते फार आवडतं. त्यात पाणी आणि धातूचे कण असू शकतात. पाण्याचा अंश तापलेल्या डांबरात गेला की फेस उसळून अंगावर येतो. गाळून, पाणी काढून, अगदी कमी प्रमाणातच वापरा आणि आरटीएफओटीमध्ये (फिरत्या भट्टीत पातळ थर तापवून डांबर जुनं करणारी चाचणी) म्हातारा केलेला नमुनाही तपासा, कारण काही दोष तिथेच उघडे पडतात.

नोकरी प्लांटच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये शोधत असाल तर आयएस १५४६२ आणि आयआरसी:एसपी:५३ (सुधारित डांबराची भारतीय मानकं आणि मार्गदर्शिका) वाचून जा. आणि वहीत प्रत्येक चाचणीसमोर डांबर कोणत्या रिफायनरीचं, कोणत्या टँकरचं ते लिहा. क्रूड बदललं की डांबराची घडण बदलते आणि कालचं तेलाचं प्रमाण आज लागू पडेलच असं नाही.