केअरर उशिरा आली, लवकर गेली, बिल मात्र पूर्ण आलं

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या आपल्या लोकांना जीपी, शाळा, काउन्सिल टॅक्स हे सगळं पहिल्या काही महिन्यांत कळून जातं. वयस्कर माणसांच्या केअरचं खातं मात्र गरज पडेपर्यंत कोणी बघत नाही. मग हॅरोतल्या आत्या पडतात, त्यांची मुलं कॅनडात, जवळचे म्हणून तुम्ही. एजन्सीचे, काउन्सिलचे, हॉस्पिटलचे सगळे फोन तुमच्याकडे यायला लागतात. पुढचं सगळं अशा वेळेसाठी लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका. सकाळी अंघोळ घालायला येणारी केअरर एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, नसते. इंग्लंडमध्ये ही जबाबदारी स्थानिक काउन्सिलची आहे, २०१४ च्या केअर ॲक्टखाली. काउन्सिल हे काम बहुतेक वेळा खासगी एजन्सीला देते. साधारण २३,२५० पौंडांहून जास्त पुंजी असलेल्या माणसाला खर्च स्वतः करावा लागतो. तब्येत फारच नाजूक असेल आणि मूळ गरज आरोग्याची ठरली, तर ‘कंटिन्युइंग हेल्थकेअर’खाली एनएचएस सगळा खर्च उचलते. हे तीन रस्ते लक्षात ठेवा, कारण तक्रार कुठे करायची ते यावरूनच ठरतं.

काउन्सिलने केअर लावली असेल, तर एजन्सी कितीही वेगळी दिसली तरी अंतिम जबाबदारी काउन्सिलचीच. तक्रार एजन्सीकडे करा किंवा थेट काउन्सिलच्या अडल्ट सोशल केअरच्या तक्रार विभागाकडे. ‘ते आमच्या हातात नाही, एजन्सीशी बोला’ असं काउन्सिलचा माणूस म्हणाला, तर तेवढं वाक्य त्याच्याकडून इमेलवर मागा. बहुतेक वेळा सूर लगेच बदलतो. स्वतःच्या पैशाने एजन्सी लावली असेल तर तक्रार आधी त्या एजन्सीकडे.

आता आपल्या सवयीबद्दल. तक्रार म्हटलं की आपण दोनच गोष्टी करतो. एकतर ‘जाऊ दे, बिचारी येते तरी’ म्हणून गप्प बसायचं, नाहीतर एक दिवस फोनवर सगळं एकदम ओकायचं. इथे दोन्ही फुकट जातं. तोंडी केलेली तक्रार लगेच पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत तुमच्या समाधानाने मिटली, तर २००९ च्या नियमांप्रमाणे ती औपचारिक तक्रार धरलीच जात नाही. मॅनेजरचा गोड फोन येतो, ‘आता सगळं ठीक ना?’ आपण भिडेखातर ‘हो हो, थँक यू’ म्हणतो, आणि प्रकरण तिथेच संपतं. म्हणून लिहून द्या, आणि पहिल्याच ओळीत ‘फॉर्मल कम्प्लेंट’ हे शब्द टाका. काउन्सिलने तीन कामाच्या दिवसांत पोच द्यायलाच हवी. घटना घडल्यापासून, किंवा तुम्हाला कळल्यापासून, बारा महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. उशीर झालाच तर कारण द्या, सबळ असेल तर घेतात.

पत्रात काय लिहायचं? आत्यांचा केअर प्लॅन समोर घेऊन बसा. त्याची प्रत मिळणं हा त्यांचा हक्क आहे. प्लॅनमध्ये सकाळी आठला अर्धा तास, शाकाहारी नाश्ता, अंघोळीला बाई केअरर, असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर तुमचं काम निम्मं झालं. नसेल, तर आधी तेच लिहून घ्या. ‘आम्हाला वाटलं त्या चिकन सूप घेतात’ या उत्तरावर नाहीतर काही बोलता येत नाही. त्यानंतर तारीख, वेळ, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आत्यांना त्याचा काय त्रास झाला. औषध दोन तास उशिरा मिळालं आणि चक्कर आली, असं नेमकं. ‘सर्व्हिस अत्यंत वाईट आहे’ या वाक्याला काहीच वजन नाही. शेवटी तुम्हाला काय हवंय तेही लिहा: माफी, बदललेली वेळ, न दिलेल्या मिनिटांचे पैसे परत. मागणीच नसेल तर उत्तरात नुसती दिलगिरी येते.

अर्ध्या तासाच्या भेटीत केअरर बारा मिनिटांत निघून जाते आणि बिल अर्ध्या तासाचं येतं, हे रडगाणं तुम्ही वेम्बलीपासून लेस्टरपर्यंत ऐकाल. पुष्कळ एजन्सींमध्ये येण्या-जाण्याची वेळ फोनच्या ॲपवर नोंदली जाते. त्या नोंदी मागा. स्वतःची माहिती मागण्याचा कायदेशीर हक्क आत्यांना आहे, तो फुकट आहे आणि उत्तर साधारण महिन्याभरात द्यावं लागतं. आमच्या सासऱ्यांच्या वेळी नोंदी हातात आल्यावरच एजन्सीचा आवाज खाली आला, त्याआधी नाही.

एक मात्र सांगतो, केअररवर राग काढू नका. ती मुलगी कदाचित आपल्या कोल्हापूरचीही असेल, आणि तिला दोन घरांच्या मध्ये प्रवासाला वेळच दिलेला नसेल. तक्रारीत वेळापत्रकाबद्दल विचारा: एका घरातून दुसऱ्या घरी जायला किती वेळ धरलाय? नाव घेऊन एकीला घालवलं तर पुढच्या आठवड्यात दुसरी येईल आणि तीही बारा मिनिटांत जाईल. (तुम्ही स्वतःच केअरर म्हणून काम करत असाल आणि आतला प्रकार दिसत असेल, तर तो सीक्यूसीला, म्हणजे केअर तपासणाऱ्या ‘केअर क्वालिटी कमिशन’ला, कळवता येतो. असं कळवणाऱ्या कामगारांना १९९८ च्या कायद्याचं संरक्षण आहे.)

नातेवाइकांचं बोलणं ऐकण्याआधी ‘त्यांची संमती कुठे आहे?’ असं विचारतात. ते बरोबरच आहे. आत्यांना निर्णय घेता येत असतील तर दोन ओळींचं सहीचं पत्र पुरतं. विसर वाढण्याआधीच ‘लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी’ (आपल्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार विश्वासातल्या माणसाला देणारा कागद) करून ठेवली तर पुढची धावपळ वाचते. पैशांसाठी वेगळी, आरोग्य आणि देखभालीसाठी वेगळी. हा विषय काढला की घरात ‘आत्ताच कशाला असलं अभद्र’ असं होतं. तरी काढा, कारण समज गेल्यावर ती करता येत नाही. इंग्रजी सुटून आत्या मराठीवरच आल्या असतील तर असेसमेंटला, म्हणजे कोणती मदत लागते ते ठरवण्याच्या तपासणीला, काउन्सिलकडून दुभाषी मागा. नातवाला मध्ये बसवू नका, तो अर्धं गाळतो.

काही गोष्टी तक्रारीच्या रांगेत लावायच्याच नसतात. अंगावर वळ, पाठीला जखमा, उपाशी ठेवणं, धमकावणं, बँकेचं कार्ड किंवा पाटल्या गायब होणं, हे सेफगार्डिंगचं, म्हणजे छळ-फसवणुकीपासून संरक्षणाचं, प्रकरण. काउन्सिलच्या सेफगार्डिंग टीमला त्याच दिवशी फोन करा, जिवाला धोका असेल तर ९९९.

उत्तर आलं पण पटलं नाही, किंवा साधारण बारा आठवडे उलटूनही काही आलं नाही, तर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. फुकट आहे, वकील लागत नाही. स्वतःच्या पैशाने केअर घेणाऱ्यांनाही हा दरवाजा २०१० पासून उघडा आहे. नुकसानभरपाईच्या मोठ्या आकड्यांची आशा मात्र ठेवू नका. मनस्तापासाठी बहुधा काही शे पौंड, चुकीने घेतलेले पैसे परत, आणि काम सुधारण्याच्या शिफारशी. शिफारशी कायद्याने बंधनकारक नाहीत, पण काउन्सिल त्या जवळजवळ नेहमीच पाळतात. केअरचा खर्च एनएचएस करत असेल तर आधी तिथली तक्रार, मग पार्लमेंटरी अँड हेल्थ सर्व्हिस ऑम्बुड्समन.

सीक्यूसीबद्दल गोंधळ असतो. ही संस्था एजन्सी आणि केअर होम तपासते, ‘आउटस्टँडिंग’पासून ‘इनॲडिक्वेट’पर्यंत दर्जा देते, पण तुमची एकट्याची तक्रार सोडवत नाही. तरी त्यांना कळवा, पुढच्या तपासणीत त्याचा उपयोग होतो.

‘बोललो तर आत्यांवरच राग काढतील’ ही भीती मला प्रत्येक घरात ऐकू येते, विशेषतः केअर होमच्या बाबतीत. तक्रार करणाऱ्याला वेगळं वागवायचं नाही, असं सीक्यूसीने एजन्सी आणि होम दोघांनाही बजावलेलं आहे. एप्रिल २०२४ पासून केअर होमला अपवादात्मक कारणाशिवाय भेट नाकारताही येत नाही. भेटी अचानक कमी केल्या, तर ती नवी तक्रार.

आणि तक्रार चालू आहे म्हणून सगळं बिल थांबवू नका. जेवढ्यावर वाद नाही तेवढं भरा, वादाची रक्कम आणि कारण इमेलने कळवा. नाहीतर थकबाकीची वेगळी पत्रं सुरू होतात, आणि मूळ विषय बाजूला राहून तुम्ही त्यांना उत्तरं देत बसता. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम आणि ऑम्बुड्समन वेगळे आहेत. कार्डिफ किंवा ग्लासगोला असाल तर तिथलेच बघा.