बॉल पायथन घेताय? आधी टँक तापवा, साप नंतर आणा

इकडे अमेरिकेत येऊन स्थिरावलेली बरीच मराठी पोरं आता विचारायला लागलीयेत की बॉल पायथन (पाळायला घेतात तो आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) घ्यायचाय, काय काय लागतं. (भारतात बसून वाचत असाल तर नाग, धामण, अजगर घरात ठेवायचं डोक्यातून काढा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सरळ गुन्हा आहे.) मी मिनियापोलिसला राहतो, इथे हिवाळ्यात बाहेर उणे २० सहज जातं आणि हा प्राणी मूळचा घाना, टोगो, बेनिन वगैरे भागातला, म्हणजे सगळी गंमत टेंपरेचरची आहे.

नवीन माणूस विचारतो, "किती डिग्री ठेवू?" एकच आकडा नसतो हो. साप स्वतःचं अंग स्वतः गरम करू शकत नाही, तो जागा बदलून काम भागवतो. त्यामुळे टँकची, म्हणजे साप ठेवायच्या काचेच्या पेटीची, एक बाजू गरम, साधारण ३१ ते ३३ सेल्सिअस, आणि दुसरी थंड, २५ ते २७, आणि रात्री कुठेच २४ च्या खाली नको. लपायची जागा दोन्ही बाजूंना हवीच, एकच ठेवली तर बिचारा ऊब की सुरक्षितता यातलं एक निवडतो आणि बहुतेक वेळा लपूनच बसतो, मग थंडीत का असेना.

आता मेन मुद्दा थर्मोस्टॅटचा. हीट मॅट (टँकखाली लावायची विजेवर तापणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या टेंपरेचरला ती आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, लावायची नाही म्हणजे नाही, पेट शॉपवाला काहीही सांगू दे. आणि थर्मोस्टॅटवर दिसणारा आकडा म्हणजे सापाला मिळणारं टेंपरेचर नव्हे! मॅट काचेच्या खाली असते, मध्ये काच, वर नारळाचा भुसा, त्यामुळे प्रोब (थर्मोस्टॅटच्या वायरच्या टोकाचा टेंपरेचर मोजणारा सेन्सर) मॅट आणि काचेच्या मध्ये असेल तर तिथे ३५ दाखवेल आणि वर साप बसतो तिथे ३२ असेल. म्हणून एक इन्फ्रारेड थर्मामीटर गन घ्या, भुसा थोडा बाजूला सारून खालच्या काचेवर मारा, कारण साप खणत तिथपर्यंत जातोच, आणि त्या रीडिंगवरून थर्मोस्टॅट सेट करा. काचेला चिकटवायचे ते गोल काट्याचे मीटर फक्त शोभेला.

प्रोब टँकच्या आत सैल सोडू नका. साप रात्री फिरताना तो ढकलतो, प्रोब थंड बाजूला जाऊन पडला की थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे, आणि मॅट फुल चालू राहते. पोटाखालून भाजतंय हे सापाला वेळेत कळेलच असं नाही, पोटाचे खवले लालसर दिसले की व्हेटकडे पळावं लागतं. हीट रॉक नावाचा गरम दगड विकतात तो तर घेऊच नका.

टेंपरेचर कमी पडलं तर वेगळी भानगड. उंदीर पचत नाही, एक-दोन दिवसांत अर्धवट कुजलेला उलटून टाकतो, वास विचारू नका. तसं झालं तर किमान १०-१४ दिवस खायला द्यायचं नाही. सततची थंडी आणि ओल एकत्र आली की श्वासाचं इन्फेक्शन, शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे. मोठे नर हिवाळ्यात महिनोन्महिने उपास धरतात ते वेगळं, पण साप खात नाहीये म्हटलं की आधी थर्मामीटर गन उचलून टेंपरेचर बघायचं.

हिवाळ्यात घराच्या हीटिंगने हवा एकदम कोरडी होते आणि वरच्या जाळीतून ऊब, दमटपणा दोन्ही निघून जातं. मी जाळीचा बराचसा भाग फॉइलने झाकतो, हवेला थोडी जागा सोडून, तेवढ्याने ६० टक्क्यांच्या आसपास ह्युमिडिटी टिकते. सिरॅमिक बल्ब (उजेड न देता फक्त ऊब देणारा) वापरणार असाल तर तो आणखी सुकवतो, आणि त्यालाही थर्मोस्टॅट लागतोच.

सगळं लावून रिकामा टँक आठवडाभर चालवून बघा, सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना रीडिंग घ्या. बर्फाच्या वादळाचा इशारा असेल तर त्या दोन-तीन दिवसांत खायला घालू नका, लाइट गेलीच तर टँकवर ब्लँकेट टाका, वरून हवा जाईल एवढी फट ठेवा, आणि गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून काचेला बाहेरून लावा, पोट रिकामं असलेला साप काही तासांची थंडी काढतो.