छप्पर गळतंय? आधी पन्हळ तपासा

छप्पर गळायला लागलं की लोक कौलं बदलतात, पत्र्याच्या बोल्टांवर डांबर थापतात, स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करून घेतात. पुढच्या पावसात ओल पुन्हा त्याच जागी येते, कारण अनेकदा बिघाड छपरात नसतोच, तो पन्हळीत, म्हणजे छपराच्या कडेचं पाणी झेलून वाहून नेणाऱ्या नालीत असतो. मी छपरांची दुरुस्ती करतो. बोलावणं आलं की शिडी आधी वळचणीला लावतो, आढ्याकडे नंतर बघतो. त्याही आधी घरातल्यांना एक प्रश्न विचारतो: गळतं नेमकं केव्हा?

जोराच्या सरीतच गळत असेल आणि रिमझिमीत काही होत नसेल, तर पन्हळीला पाणी पेलवत नाहीये. ती तुंबली असेल, अरुंद असेल किंवा तिचा उतार बिघडला असेल. भुरभुर पावसातही ठिबकत असेल, तर एखादा सांधा सुटलाय किंवा पत्रा गंजून भोक पडलंय. पाऊस थांबून दोन-तीन तास झाले तरी भिंतीचा वरचा काठ पाझरत असेल, तर पन्हळीत पाणी साचून राहतंय. डागाची जागाही बघा. बाहेरच्या भिंतीलगत, छत भिंतीला टेकतं तिथे ओल असेल, तर संशय पन्हळीवर घ्यावा. खोलीच्या मधोमध थेंब पडत असतील तर वळचणीच्या पन्हळीला दोष देऊ नका, कारण पाणी उतारावर उलटं एवढं चढत नाही. अपवाद फक्त दोन छपरांच्या मधे बसवलेल्या पन्हळीचा. ती भरली की थेट घरातच उतरते.

हे पाणी आत शिरतं कसं, ते समजून घ्यायलाच हवं, नाहीतर दुरुस्ती चुकीच्या जागी होते. पन्हळ काठोकाठ भरली की पाणी ज्या बाजूचा काठ खाली असेल तिकडे सांडतं. पुढचा काठ खाली असेल तर ते अंगणात पडतं आणि घर वाचतं. मागचा, म्हणजे भिंतीकडचा काठ खाली असेल तर ते सरळ वाशांच्या टोकांवर आणि भिंतीच्या माथ्यावर जातं. म्हणून पन्हळ बसवताना पुढचा काठ मागच्यापेक्षा बोटभर खाली ठेवायचा. दुसरी वाट जास्त फसवी आहे. पन्हळीतलं पाणी छपराच्या कडेला टेकलं की दोन पत्र्यांच्या किंवा कौलांच्या चिंचोळ्या फटीतून ते थोडं वर ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. त्यात वारा समोरून असेल तर ते आणखी आत ढकललं जातं. खालचं लाकूड भिजतं, कुजतं, त्यातले स्क्रू ढिले होतात, पन्हळ आणखी भिंतीकडे झुकते आणि पुढच्या वर्षी दुप्पट पाणी आत येतं.

पाणी किती असतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 50 चौरस मीटरच्या छपरावर तासाला 60 मिलिमीटरच्या जोराने सर कोसळली, तर मिनिटाला 50 लिटर पाणी पन्हळीत येतं. 15 लिटरची बादली दर 18 सेकंदांना भरेल एवढं. वजनाचंही तसंच. 12 सेंटिमीटर रुंद, 10 सेंटिमीटर खोल आणि 10 मीटर लांब चौकोनी पन्हळ तुंबून भरली, की तिला धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्यांवर (हुकांवर) 120 किलो भार येतो. वाकलेल्या आकड्यांचं कारण बहुतेकदा हेच असतं.

आता काम. दिवस कोरडा निवडा. शिडी जितकी उंच टेकेल त्याच्या एक चतुर्थांश अंतरावर तिचा पाय ठेवा: 4 मीटर उंचीला 1 मीटर. शिडी पन्हळीवर टेकवू नका, भिंतीवर टेकवा. खाली धरायला माणूस हवाच. विजेची तार जवळ असेल तर धातूची शिडी वापरू नका. आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर कधीही पाय देऊ नका. वरून मजबूत दिसतो आणि पायाखाली फुटतो.

सफाई हातमोजे घालून हातानेच करावी. आधी पन्हळीतून खाली उतरणाऱ्या पाईपच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला, म्हणजे कचरा आत जाणार नाही. पाला, शेवाळ, पक्ष्यांच्या घरट्यांच्या काड्या, तळाचा चिकट गाळ हे सगळं बादलीत भरा. बोळा काढून वरून पाण्याची नळी सोडा. पाणी पन्हळीत चढायला लागलं तर पाईप आत कुठेतरी, बहुतेकदा वाकणावर, तुंबलाय. तो खालून खोलून मोकळा करा.

मग घरात एकाला उभं करून नळीचं पाणी हळूहळू सोडा, सुरुवात पन्हळीपासून. पन्हळ भरू द्या आणि थांबा. आत थेंब दिसला तर चोर सापडला. नाही दिसला तरच नळी छपरावर, एकेक ओळ वर न्या. घाईने आढ्यावरून पाणी ओतलं तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

पाणी साचत असेल तर उतार मोजा. दोन्ही टोकांना खिळे ठोकून दोरी ताणा आणि पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने लेव्हल घ्या. पाईपच्या दिशेला 3 मीटरमागे 6 ते 10 मिलिमीटर उतार पुरतो. आकडे 60 ते 90 सेंटिमीटरवर असावेत, सांध्याजवळ आणि पाईपच्या तोंडाशी एक जादा.

सांध्यावर जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन लावण्याचा काही उपयोग नाही. जुनं खरवडून काढा, पुसा, पूर्ण वाळू द्या. वरच्या बाजूचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत, पाण्याच्या दिशेने चढलेला असायला हवा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन लावू नका, त्यातलं आम्ल जस्ताचा थर खातं. न्यूट्रल प्रकारचं मागा. पीव्हीसी पन्हळीचे सांधे सिलिकॉनने जखडू नका, तिला रबरी गॅस्केटचे सांधेच हवेत. 10 मीटरची पीव्हीसी पन्हळ 30 अंशांच्या फरकात जवळपास 2 सेंटिमीटर लांब-आखूड होते आणि जखडलेला सांधा हमखास फाटतो.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे छपराची कड. पत्रा किंवा कौल पन्हळीच्या पोटात साधारण 5 सेंटिमीटर आलेलं हवं. कमी पडलं तर पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून मागे वळतं आणि पन्हळीच्या पाठीमागून भिंतीत उतरतं. पन्हळ स्वच्छ, उतार बरोबर, सांधे पक्के, तरीही ओल, असं असेल तर बहुधा हेच आहे. यासाठी छप्पर उलगडावं लागत नाही. वाकवलेली पत्र्याची पट्टी कडेखाली सरकवायची आणि तिचं खालचं टोक पन्हळीत सोडायचं.

वरच्या छपराचा पाईप खालच्या छपरावर मोकळा सोडलेला असेल, तर तेही आजच बदला. त्या एका जागी सगळ्या छपराचं पाणी आपटतं. पाईप लांबवून खालच्या पन्हळीत नेणं एवढंच काम आहे.

जाळी बसवावी का? घरावर झाड असेल तर बसवा, पण तिच्यावरही पाला साचतो आणि पाणी वरूनच उडी मारतं. सफाई टळत नाही, फक्त सोपी होते. पावसाआधी एकदा आणि पाऊस मधे उघडला की एकदा, एवढी हवीच.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पाणी कुठून सांडतंय ते बघून ठेवा. आतल्या भिंतीला रंग मात्र लगेच देऊ नका. पोपडे खरवडून भिंत उघडी ठेवा. भिजलेली भिंत वाळायला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि ओलीवर दिलेला रंग पुन्हा फुगतो. मग नवी गळती आणि जुनी ओल यातला फरक तुम्हालाही कळत नाही, मलाही नाही.