कंबरेचा एमआरआय हाती आला, आता ‘गॅप’ कुठे शोधायची?

‘मणक्यात गॅप आली’ हे विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात ऐकू येतं. रिपोर्टात मात्र उलटंच लिहिलेलं असतं: डिस्क स्पेस रिड्यूस्ड, म्हणजे दोन मणक्यांमधली जागा कमी झाली. मधली गादी पाणी धरून असते. वयानुसार ती सुकते आणि जुन्या कापसाच्या गादीसारखी दबते. गॅप वाढत नाही आणि त्याने मणकेही सहसा निसटत नाहीत. पण ‘गॅप’ ऐकलेला माणूस वाकायलाच भितो, हालचाल बंद करतो, आणि मग कंबर खरोखरच आखडते.

रिपोर्ट उघडण्याआधी

लघवी अडली किंवा झालेली कळत नाही, संडासवर ताबा राहत नाही, सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, पाऊल लुळं पडत चाललं, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात त्याच रात्री पोचा. दबलेल्या नसांना तासांचा हिशेब असतो.

संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारं वजन आणि रात्री झोपू न देणारी कळ एकत्र असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. असा रुग्ण कंबर चोळायला किंवा ‘बसवायला’ कुणाकडेही नेऊ नका. टीबीने पोखरलेला मणका दाबला तर खचतो. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा दुखणं पडल्यानंतर सुरू झालं असेल, तर तेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

रिपोर्ट कसा वाचायचा

कंबरेत पाच मणके, एल१ ते एल५, आणि त्याखाली त्रिकास्थीचा, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या तिकोनी हाडाचा एस१. रिपोर्टात एकेका गादीचं वर्णन असतं. बहुतेकांचा बिघाड खालच्या दोन गाद्यांत सापडतो: एल४-५ आणि एल५-एस१.

‘डेसिकेशन’ म्हणजे गादी सुकली. ‘बल्ज’ म्हणजे ती सगळीकडून थोडी बाहेर फुगली, हवा कमी असलेल्या टायरसारखी. ‘प्रोट्रूजन’मध्ये एका जागी उंचवटा येतो आणि ‘एक्स्ट्रूजन’मध्ये आतला मऊ भाग बाहेर निघतो. एक्स्ट्रूजन वाचून हातपाय गळतात खरे, पण बाहेर आलेला हा तुकडा शरीर बरेचदा स्वतःच शोषून घेतं. साध्या बल्जपेक्षा तोच जास्त आक्रसतो.

२०१५ साली ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. यातल्या कुणाचीही पाठ दुखत नव्हती. तरी पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ६० टक्के लोकांत बल्ज होता. म्हणून ‘मल्टिलेव्हल डिजनरेटिव्ह चेंजेस’, म्हणजे अनेक गाद्यांची झीज, हे पांढऱ्या केसांसारखं समजा. ‘हेमँजिओमा’, म्हणजे मणक्यातली रक्तवाहिन्यांची गाठ, हाही बहुधा निरुपद्रवी असतो, आणि ‘लॉस ऑफ लॉर्डोसिस’ म्हणजे कंबरेचा बाक कमी दिसला इतकंच.

लक्ष द्यायचं ते ‘नर्व्ह रूट कॉम्प्रेशन’कडे, म्हणजे नस दबण्याकडे. ‘थीकल सॅक इंडेंटेशन’ वेगळं. नसांच्या पिशवीला गादी नुसती टेकली तरी ते लिहितात. ‘कॅनाल स्टेनोसिस’, म्हणजे नसांची नळी अरुंद झालेली, असेल तर चालताना पाय भरून येतात, बसलं की मोकळे होतात. असा माणूस सायकलच्या हँडलवर वाकून दूर जातो, पण ताठ चालत शिवाराच्या टोकालाही पोचत नाही. ‘लिस्थेसिस ग्रेड १’ म्हणजे मणका पुढे सरकला, तोही जास्तीत जास्त चौथाई.

आता रिपोर्ट तुमच्या पायाशी जुळवा. हीच सगळ्यात कामाची पायरी आहे, आणि बहुतेक लोक हीच सोडतात. एल४-५ची गादी बहुधा एल५ची नस दाबते: कळ पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे जाते, टाचांवर चालताना पुढचं पाऊल खाली पडतं. एल५-एस१ची गादी एस१ची नस दाबते: कळ पोटरीच्या मागून करंगळीकडे उतरते. भिंतीला हात टेकून एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उठा, मग दुसऱ्या पायाने. एक पाय चौथ्या-पाचव्या वेळी थकला तर ते डॉक्टरांना सांगा. रिपोर्टात डावी बाजू आणि कळ मात्र उजव्या पायात, असं असेल तर ती गादी बहुधा गुन्हेगार नाही. कळ पायात उतरतच नसेल, तर निव्वळ बल्जसाठी ऑपरेशनची घाई करणाऱ्याला ‘कोणती नस, कोणती बाजू’ एवढं विचारा आणि दुसरं मत घ्या.

तीन महिन्यांहून जुनं दुखणं असेल तर

दोन दिवसांपेक्षा जास्त बाजेवर पडून राहू नका. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, अर्ध्या तासापर्यंत न्या. उन्हाळ्यात सहाच्या आत उरका. चालल्यावर थोडं दुखलं तर चालेल; दुसऱ्या दिवशीही जास्तच असेल तर आधीच्या आठवड्याच्या वेळेवर या. सुतळी सैल झालेली बाज मधोमध झोळी होते, ती ताणून घ्या किंवा वर फळी आणि सतरंजी टाका.

कंबरेला पट्टा बांधणं आणि वजन लावून ओढणं हे उपाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात जुनाट कंबरदुखीसाठी सुचवलेले नाहीत. विनानावाच्या पुडीतल्या गोळ्या तर नकोतच. त्यात स्टेरॉइड असू शकतं. दुखण्याची गोळी उपाशीपोटी आणि मे महिन्याच्या उन्हात, पाणी न पिता घेतली तर मूत्रपिंडावर बेतते.

वावरातलं काम

१६ लिटरचा फवारणी पंप भरला की पंपासकट २० किलोच्या घरात जातो. जमिनीवरून उचलून पाठीवर घेताना कंबरेला पीळ पडतो आणि चमक तिथेच भरते. पंप बैलबंडीवर किंवा कंबरेएवढ्या ओट्यावर ठेवून भरा, पाठ टेकवून पट्टे चढवा आणि दहा लिटरच घ्या. मात्र मग औषधही त्याच हिशेबाने कमी करा: १५ लिटरला ३० मिली लागत असेल तर १० लिटरला २०. हे विसरलं की पिकावर औषध जास्त पडतं.

कापूस वेचताना ओटी पोटासमोर भरत जाते आणि वजन कंबर पुढे ओढतं. तीन-चार किलो झाला की गाठोड्यात रिकामी करा. निंदताना दोन्ही पायांवर उकिडवं बसण्याऐवजी पोतं घडी करून एक गुडघा टेका, तासाच्या, म्हणजे ओळीच्या शेवटी गुडघा बदला. रोवणीला प्रत्येक पात संपली की उभे राहा, हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे झुका. मागे झुकल्याने पायातली कळ वाढत असेल तर मात्र हे सोडा आणि नुसतं दहा पावलं चाला.

नवीन लक्षण नसेल तर दरवर्षी एमआरआय काढायची गरज नाही. जुनी फिल्म दुमडू नका, पत्र्याखाली तापू देऊ नका, आणि दवाखान्यात जाताना रिपोर्टसोबत तीही न्या.