प्रागचा किल्ला चढू नका, उतरा

प्रागला दोघं मिळून जाणार असाल, तर किल्ल्यावर पायी चढून जायचं मनातून काढून टाका. फरसबंदी दगडांची, त्यात चढ. निम्म्या वाटेत एकाचे गुडघे कुरकुरतात आणि दुसऱ्याचा मूड जातो. त्यापेक्षा २२ नंबरची ट्राम पकडा आणि किल्ल्याच्या स्टॉपच्याही पुढे, पोहोर्झेलेत्सला उतरा. छापील तिकिटावर चढल्या चढल्या पिवळ्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड बसेल.

तिथून पुढे बहुतेक उतारच. किल्ला आणि सेंट व्हायटस कॅथेड्रल बघून नेरुदोवा रस्त्यानं खाली या, पण रमतगमत. १७७० मध्ये घरांना नंबर मिळण्याआधी इथे पत्ता म्हणजे दर्शनी भिंतीवरचं चिन्ह. तीन व्हायोलिनं, दोन सूर्य अजून जागेवर आहेत. माना वर करून ती शोधण्यात फुकटात तासभर मजेत जातो. मला तर हे किल्ल्यातल्या दालनांपेक्षा आवडलं.

पुढचा चार्ल्स पूल दिवसा गर्दीनं फुललेला असतो, फोटोसाठी पहाटे वेगळी फेरी मारा. खर्चाला युरो नव्हे, कोरुना लागतात. एटीएमनं ‘रुपयांत हिशेब करू का’ विचारलं, तर सरळ नाही म्हणा.