नौदलाच्या लढाईची आठवण पारखून कशी घ्यावी

कोल्हापूरहून समुद्र गाठायला घाट उतरावा लागतो, तरी १९७१ च्या युद्धात नौदलात असलेली माणसे आपल्या भागातही भेटतात आणि त्यांची वये आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्या सांगण्यातली एखादी गोष्ट नोंदींशी जुळली नाही की काही जण सगळे कथनच खोटे ठरवतात, तर काही जण आदरापोटी ते जसेच्या तसे छापतात. दोन्हींमुळे त्या माणसावर अन्याय होतो, कारण त्याने स्वतः पाहिलेले आणि नंतर ऐकलेले यांची फोड कोणीच करत नाही.

पहिल्या भेटीत मध्ये न बोलता सगळे ऐकून घ्यावे आणि परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे. दुसऱ्या भेटीत पहिला प्रश्न जागेचा असावा: ‘आबा, तवा तुम्ही जहाजावर नेमकं कुठं होतासा?’ मी वहीत जहाजाचा साधा आराखडा काढून समोर ठेवतो. एका आजोबांनी बराच वेळ विचार करून बॉयलर रूमवर बोट ठेवले आणि मग स्वतःच म्हणाले की, आगीच्या ज्वाळा त्यांनी पाहिल्या नव्हत्या, त्या वरच्या सोबत्याने सांगितल्या होत्या. दिवे गेले, पायाखालचा पत्रा हादरला आणि कानात दडे बसले, हे मात्र त्यांचे स्वतःचे होते, आणि तेवढे लाखमोलाचे होते.

यानंतर पंचांग उघडावे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका बुडवली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. ही घटना रात्री नऊच्या आधीची आहे. मार्गशीर्ष पौर्णिमा २ डिसेंबरला झाली होती, म्हणजे ९ तारखेला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवणार होता. ‘चांदण्यात जहाज बुडताना पाहिले’ असे कोणी सांगितले, तर शंका घ्यायला जागा आहे. परंतु आधी हे विचारावे की, चंद्र होता की नुसत्या चांदण्या, कारण आपल्या बोलण्यात चांदणे हा शब्द दोन्हींसाठी येतो. उलट ४ डिसेंबरला, कराचीवरील पहिल्या हल्ल्याच्या रात्री, पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. त्या रात्रीच्या कथनात ‘काळाकुट्ट अंधार’ असेल, तर ढगांची नोंद शोधावी लागते.

वेळेबाबत एक चूक वारंवार होते. पाकिस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असते, म्हणून दोन्ही बाजूंच्या वृत्तांतात तीस मिनिटांचा फरक दिसला, तर तो खोटेपणा समजू नये. अंतरासाठी साधे गणित पुरते: समुद्रसपाटीपासून दहा मीटर उंचीवर उभ्या माणसाला क्षितिज सुमारे अकरा किलोमीटरवर दिसते, आणि वीस किलोमीटरवरच्या स्फोटाचा आवाज पोहोचायला जवळजवळ एक मिनिट लागते. झगमगाट आणि धमाका एकाच क्षणी झाला असे सांगणारा माणूस एक तर फार जवळ होता किंवा दोन क्षण त्याच्या आठवणीत एक झाले आहेत.

चुकीची ओळख मात्र फेकून देऊ नये. ४ डिसेंबरच्या रात्री ‘खैबर’ या पाकिस्तानी विनाशिकेला भारतीय बोटीचे क्षेपणास्त्र लागले, तेव्हा विमानाने हल्ला केल्याचा संदेश तिने पाठवला. तो चुकीचा होता, तरी आकाशातून झपाट्याने येणारा उजेड ही वस्तुस्थिती त्यात शाबूत आहे. साक्षीदाराने लावलेला अर्थ बाजूला ठेवून त्याच्या डोळ्यांना काय दिसले, तेच आधी लिहून घ्यावे.

शत्रूचा माणूस म्हणून साक्ष नाकारण्याचा मोह तर सर्वांत महागात पडतो. १९ नोव्हेंबर १९४१ रोजी ऑस्ट्रेलियाची ‘सिडनी’ ही युद्धनौका बुडाली आणि तिच्यावरील सर्व ६४५ जण मरण पावले. लढाईची हकिगत सांगायला तिच्याशी लढलेल्या ‘कोर्मोरान’ या जर्मन जहाजावरचे लोकच उरले. त्यांच्यावर अनेकांनी कित्येक दशके अविश्वास दाखवला. मार्च २००८ मध्ये दोन्ही जहाजांचे अवशेष सापडले आणि त्यावरील घाव जर्मन खलाशांच्या सांगण्याशी ढोबळमानाने जुळले.

दोन माजी सैनिक शब्दन् शब्द सारखे सांगत असतील, तर ते दरवर्षी मेळाव्यात भेटतात का, हे विचारावे. तसे असेल तर त्या दोन साक्षी एकच धराव्यात. मजकूर लिहिताना साक्षीदाराचे शब्द दुरुस्त करू नयेत. त्यांचे कथन पानाच्या डाव्या बाजूला आणि पंचांग, नकाशा, लॉगबुक (जहाजाची रोजची नोंदवही) यांतून निघालेली टीप उजव्या बाजूला लिहून दोन्ही त्यांना वाचून दाखवावे, आणि त्यावर ते जे बोलतील तेही तारीख घालून वेगळ्या शाईने खाली उतरवावे.